मॅसिडन रेंजेस: मोठी घरे आणि न मोजलेली माणसे

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात, मेलबर्न महानगराच्या वायव्येला, मॅसिडन रेंजेस नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. तो धड शहरात मोडत नाही आणि धड खेड्यातही मोडत नाही. सुमारे १,७४८ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाच्या या प्रदेशात २०२१ च्या जनगणनेत ५१ हजारांहून थोडी अधिक माणसे नोंदली गेली, म्हणजे चौरस किलोमीटरमागे जेमतेम तीस. शेजारच्या मेलबर्नची लोकसंख्या त्याच वेळी ४९ लाखांच्या घरात होती. महानगराच्या कडेला असलेल्या, शेती आणि शहरी नोकरी अशा दोन्हींवर जगणाऱ्या अशा पट्ट्यांना निमग्रामीण प्रदेश म्हणता येईल. ऑस्ट्रेलियात ते जवळपास प्रत्येक मोठ्या शहराभोवती आहेत आणि सरकारी आकडेवारीत त्यांचे चित्र बहुधा सुबत्तेचे दिसते: स्वतःचे घर, मोठे अंगण, बरे उत्पन्न. हे चित्र खोटे नाही. मात्र जनगणना एखाद्या गावात राहणाऱ्यांना मोजते. त्या गावात राहू इच्छिणाऱ्या, तिथेच नोकरी असलेल्या, परंतु घर न मिळाल्याने दुसरीकडे गेलेल्या माणसांना मोजायला तिच्याकडे रकानाच नसतो. मॅसिडन रेंजेसच्या आकड्यांतून सर्वांत जास्त काय शिकण्यासारखे असेल, तर ते हेच.

प्रशासकीय दृष्ट्या हा प्रदेश एक ‘शायर’ आहे, म्हणजे ग्रामीण भागाचा कारभार पाहणारी, निवडून आलेल्या प्रतिनिधींची स्थानिक स्वराज्य संस्था. रस्ते, कचरा, बालवाड्या, बांधकामाचे परवाने आणि जमिनीच्या वापराचे नियम ही कामे तिच्याकडे असतात. आजचा शायर १९९५ साली गिस्बोर्न, काइनटन, रॉम्झी आणि न्यूहॅम-वुडएंड हे चार जुने शायर एकत्र करून बनला. त्यामुळे सबंध शायरसाठी काढलेला कोणताही एक आकडा म्हणजे चार निरनिराळ्या स्वभावांच्या मुलखांची गोळाबेरीज असते, हे आधीच ध्यानात ठेवलेले बरे.

या मुलखाचे मूळ स्वामी जा जा वुरुंग, टाउंगुरुंग आणि वुरुंजेरी वोइ-वुरुंग हे आदिवासी समाज. एकोणिसाव्या शतकात मेंढपाळ वसाहतवाल्यांनी त्यांच्या जमिनी बळकावल्या, आणि आजच्या जनगणनेत शायरमधील आदिवासींचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास, म्हणजे राष्ट्रीय ३.२ टक्क्यांपेक्षा बरेच कमी दिसते. १८५१ नंतर उत्तरेकडील कॅसलमेन आणि बेंडिगो येथे सोने सापडले, आणि तिकडे पायी निघालेल्या हजारो लोकांच्या वाटेवर काइनटन व वुडएंड ही गावे वाढली. स्थलांतरितांसाठी काम करणाऱ्या कॅरोलिन चिझम यांनी या वाटेवर एकेका दिवसाच्या चालीच्या अंतराने निवाऱ्याच्या शेड उभारल्या. या प्रदेशातील घरांचा प्रश्न सोडवण्याचा हा बहुधा पहिला संघटित प्रयत्न म्हणावा लागेल. १८६२ मध्ये रेल्वे बेंडिगोपर्यंत पोहोचली. त्यानंतरच्या दशकांत सुमारे हजार मीटर उंचीच्या माउंट मॅसिडनवर मेलबर्नच्या धनिकांनी उन्हाळी बंगले आणि युरोपीय झाडांच्या बागा उभ्या केल्या, तिथे वसाहतीच्या गव्हर्नरांसाठीही उन्हाळी निवास होता, आणि मुंबई इलाख्यात महाबळेश्वरला जे झाले त्याचीच ही दक्षिण गोलार्धातील आवृत्ती होती. मॅसिडनच्या घरांच्या बाजारावर बाहेरच्या पैशाचा प्रभाव आहे, अशी तक्रार आज ऐकू येते. तो प्रभाव दीडशे वर्षांचा आहे.

कायमच्या वस्तीची वाढ मात्र अलीकडची. कॅल्डर महामार्गाचे चौपदरीकरण टप्प्याटप्प्याने पुढे सरकले, गावांना वळसे पडले, दूर पल्ल्याच्या जलद गाड्या सुरू झाल्या, आणि डोंगरात राहून मेलबर्नला नोकरीसाठी रोज ये-जा करणे शक्य झाले. २०११ मध्ये शायरची लोकसंख्या सुमारे ४२ हजार होती, २०१६ मध्ये ती ४६ हजारांवर गेली आणि २०२१ मध्ये ५१ हजारांपुढे. दर पाच वर्षांना चार-पाच हजार माणसांची ही भर महानगराच्या तुलनेत किरकोळ असली, तरी ज्या गावांत एकच माध्यमिक शाळा आणि दोन-तीन डॉक्टर असतात त्यांना ती जाणवते. ३१ मार्च २०२३ पासून राज्य सरकारने प्रादेशिक गाड्यांचे दिवसाचे भाडे महानगराच्या भाड्याइतकेच ठेवले आणि ये-जा करणाऱ्यांचा खर्च आणखी कमी झाला. हा लाभ सर्वांना सारखा नाही. रिडल्स क्रीक, गिस्बोर्न, वुडएंड, काइनटन ही गावे रेल्वेमार्गावर आहेत. रॉम्झी आणि लॅन्सफील्डला जाणारा फाटा १९५६ मध्येच बंद झाला. रेल्वे नसल्यामुळे तिथे घर तुलनेने स्वस्त पडते खरे, परंतु त्या स्वस्ताईतला बराच वाटा पेट्रोलवर आणि दुसऱ्या गाडीवर जातो. घराच्या हिशेबात तो खर्च कुठेच धरला जात नाही.

आकड्यांकडे वळण्यापूर्वी ते कसे गोळा होतात, हे पाहणे आवश्यक आहे. ऑस्ट्रेलियात जनगणना दर पाच वर्षांनी होते, ती ‘ऑस्ट्रेलियन ब्युरो ऑफ स्टॅटिस्टिक्स’ ही केंद्रीय सांख्यिकी संस्था करते, आणि भारताप्रमाणे प्रगणक घरोघरी जाऊन प्रश्न विचारत नाही, तर प्रत्येक घराने एका ठरावीक रात्रीची माहिती स्वतः भरून द्यायची असते. बहुतेक लोक ती आता ऑनलाइन भरतात. निष्कर्ष सांगताना सरासरीपेक्षा ‘मध्यक’ वापरण्याकडे संस्थेचा कल असतो. मध्यक म्हणजे सर्वांना चढत्या क्रमाने उभे केल्यास बरोबर मधोमध येणाऱ्याचा आकडा. दोन-चार कोट्यधीशांमुळे सरासरी उत्पन्न फुगते, मध्यक फुगत नाही, हा त्याचा गुण. पण निम्मे लोक मध्यकाच्या किती खाली आहेत, हे तो सांगत नाही, आणि त्याचा हा दोष या प्रदेशात विशेष जाणवतो.

२०२१ ची जनगणना १० ऑगस्टच्या रात्री झाली, आणि ती रात्र मॅसिडनच्या दृष्टीने अगदीच विचित्र होती. करोनामुळे मेलबर्नमध्ये टाळेबंदी चालू होती, तर व्हिक्टोरियाच्या उर्वरित ग्रामीण भागातील टाळेबंदी आदल्याच मध्यरात्री उठली होती. मॅसिडन रेंजेस ग्रामीण बाजूला धरला जात असल्याने टाळेबंदीची सीमा त्याच्या दाराशी आली. २०२० मध्ये तर कॅल्डर महामार्गावर पोलिसांची तपासणी नाकी बसली होती. परिणामी ज्यांची शनिवार-रविवारची घरे डोंगरात होती ते शहरात अडकले आणि ती घरे त्या रात्री रिकामी म्हणून नोंदली गेली. कामावर कसे जाता, या प्रश्नाला फार मोठ्या संख्येने लोकांनी ‘घरूनच काम करतो’ असे उत्तर दिले. तेव्हा २०२१ च्या तक्त्यावरून मॅसिडनमध्ये रोज ये-जा करणारे कमी झाले असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. देशभरातही त्या रात्री दहा लाखांहून अधिक घरे रिकामी असल्याची नोंद झाली आणि वर्तमानपत्रांनी त्यावर मथळे रंगवले. त्यांतली कित्येक घरे विक्रीला काढलेली, दुरुस्तीला घेतलेली किंवा मालक प्रवासाला गेलेली होती, हे मथळ्याखाली बारीक टायपात राहिले.

देशाचे मध्यक वय ३८. मॅसिडन रेंजेसचे ४३ च्या आसपास. पण इथे वयाचा उतरता मनोरा मिळत नाही, मधे खाच पडलेली आकृती मिळते. शाळकरी मुले भरपूर, त्यांचे चाळिशी-पन्नाशीतले आईबाप भरपूर, साठीपुढची माणसे भरपूर. कमी आहेत ती विशीतली आणि तिशीच्या आरंभीची. अठरा वर्षे झाली की मुले विद्यापीठासाठी, शिकाऊ नोकरीसाठी मेलबर्न, बॅलरॅट किंवा बेंडिगोला जातात, आणि ती परत येतात ती बहुधा स्वतःची मुले शाळेत घालण्याच्या वेळी, तीही घर परवडले तर. गावागावांत फरक आहे. सुमारे दहा हजार वस्तीचे गिस्बोर्न, तसेच रिडल्स क्रीक आणि रॉम्झी इथे लहान मुले असलेली कुटुंबे जास्त आहेत. काइनटन अधिक वयस्क आहे, कारण शेतीतून निवृत्त झालेली माणसे इस्पितळ आणि बाजारपेठ जवळ असलेल्या या गावात येऊन राहतात.

जन्मस्थान आणि भाषा यांबाबतीत हा प्रदेश आजच्या ऑस्ट्रेलियाशी विसंगत वाटावा इतका एकजिनसी आहे. देशात सुमारे दोन-तृतीयांश लोक ऑस्ट्रेलियात जन्मलेले, इथे दहापैकी आठ. घरात फक्त इंग्रजी बोलणारे देशात ७२ टक्के, इथे दहापैकी नऊच्या आसपास. आणि परदेशात जन्मलेल्यांत पहिला क्रमांक इंग्लंडचा. हेच चित्र मेलबर्नच्या पश्चिम कडेला असलेल्या विंडमशी ताडून पाहावे. तिथे २०२१ मध्ये २ लाख ९२ हजार माणसे होती, मध्यक वय तिशीच्या सुरुवातीचे, आणि परदेशात जन्मलेल्यांत सर्वांत मोठा गट भारतीयांचा. टार्निट, पॉइंट कुक या तिथल्या उपनगरांत मराठी कुटुंबेही बरीच आहेत. गणेशोत्सव आणि दिवाळीचे कार्यक्रम तिथे नेहमीचे झाले आहेत. दोन्ही ठिकाणे महानगराच्या कडेलाच आहेत. फरक पडतो तो आखलेल्या रेषेमुळे: राज्य सरकारने २००२ मध्ये मेलबर्नभोवती शहरवाढीची सीमा ठरवली, तिच्या आत नव्या वसाहतींना वाव ठेवला आणि बाहेर तो आवळला. विंडम आत आहे, मॅसिडन बाहेर. नव्याने देशात आलेले कुटुंब जिथे नवी घरे तयार होत असतात तिथे जाते. त्यामुळे एखाद्या प्रदेशाची लोकवस्ती एकजिनसी का राहिली याचे कारण शोधताना माणसांच्या आवडीनिवडींआधी नगररचनेचा नकाशा उघडावा.

घरांची कथा तिथूनच सुरू होते. देशात राहत्या घरांपैकी ७२ टक्के स्वतंत्र, म्हणजे चारही बाजूंनी मोकळी असलेली. रो-हाउससारखी जोडघरे सुमारे १३ टक्के आणि फ्लॅट १४ टक्के. मॅसिडन रेंजेसमध्ये स्वतंत्र घरांचा वाटा दहापैकी नऊंहून अधिक आहे आणि फ्लॅट जवळजवळ नाहीतच. बहुतेक घरे तीन-चार बेडरूमची, एकमजली. गावाबाहेर असतील तर छपरावरचे पावसाचे पाणी साठवणारी मोठी टाकी, सेप्टिक टँक आणि थंडीसाठी लाकडाची शेगडी हे ठरलेलेच. अशा घरात सरासरी अडीच-पावणेतीन माणसे राहतात. एखाद्या घरात किती बेडरूम लागाव्यात हे ठरवायला सांख्यिकी संस्था कॅनडात तयार झालेला एक निकष वापरते: पती-पत्नींना एक, अठरा वर्षांवरील प्रत्येक अन्य प्रौढाला एक, पाच वर्षांखालील दोन मुलांना मिळून एक, असा तो हिशेब आहे. या निकषाने मोजले तर मॅसिडनच्या बहुसंख्य घरांत किमान एक खोली जास्तीची ठरते. अर्थात जास्तीची खोली म्हणजे रिकामी खोली नव्हे. तिथे संगणकाचे टेबल असते, शिवणयंत्र असते किंवा सुटीत येणाऱ्या मुलाचा पलंग असतो.

मालकीचे आकडे त्याहून बोलके. घरमालकीचे तीन प्रकार जनगणनेत वेगळे मोजतात: कर्ज फिटलेले स्वतःचे घर, कर्ज चालू असलेले स्वतःचे घर आणि भाड्याचे घर. देशात हे तिन्ही गट साधारण तिसऱ्या-तिसऱ्या हिश्शाचे आहेत: ३१, ३५ आणि जवळपास ३१ टक्के. मॅसिडन रेंजेसमध्ये पहिले दोन गट मिळून पाचांतील चारांहून अधिक घरे व्यापतात आणि भाडेकरू राष्ट्रीय प्रमाणाच्या निम्म्याइतकेच उरतात. हा आकडा स्थैर्याची खूण म्हणून मांडला जातो. तो तसाच वाचला तर चूक होते. भाडेकरू कमी आहेत, कारण भाड्याची घरे कमी आहेत. ज्याला घरखरेदीचे डिपॉझिट जमवायला अजून पाच वर्षे लागणार आहेत त्याला या शायरमध्ये ती पाच वर्षे काढायला जागा मिळत नाही. सरकारी किंवा सेवाभावी संस्थांच्या कमी भाड्याच्या घरांचा वाटा व्हिक्टोरियात मुळातच कमी, आणि इथे तो आणखी कमी.

नवी घरे बांधावीत हे उत्तर कागदावर सोपे दिसते. या डोंगरांना मात्र १९७५ पासून विशेष नियोजन धोरणाचे संरक्षण आहे. पाण्याचे उगम, जंगल, शेते आणि प्रसिद्ध ‘हँगिंग रॉक’सारखी ज्वालामुखीय शिळा यांच्यावर वस्तीचे अतिक्रमण होऊ नये, हा त्याचा हेतू. २०१८ च्या कायद्याने या प्रदेशाला वैशिष्ट्यपूर्ण निसर्गप्रदेशाचा दर्जा मिळाला आणि २०१९ च्या धोरणाने मोठ्या गावांभोवती वस्तीच्या संरक्षित सीमा आखण्याची तरतूद केली. गावाबाहेरच्या शेतजमिनीवर, राज्याच्या सर्वसाधारण नियमानुसार, चाळीस हेक्टरांपेक्षा (सुमारे शंभर एकर) लहान तुकड्यात घर बांधायचे तर खास परवाना लागतो. नियम योग्य आहे, कारण त्याशिवाय बटाट्याची आणि मेंढ्यांची राने केव्हाच फार्महाऊसच्या प्लॉटांत वाटली गेली असती. त्याची दुसरी बाजू अशी, की ज्या तुकड्यावर घर आधीच उभे आहे किंवा घराचा परवाना आहे त्याची किंमत पिकावर न ठरता मेलबर्नच्या वकील-डॉक्टरांच्या ऐपतीवर ठरते, आणि शेजारच्या शेतकऱ्याला जमीन वाढवायची असली तरी तो त्या भावाला पुरा पडत नाही.

वणव्याचा प्रश्न याहून कठोर. १६ फेब्रुवारी १९८३ रोजी, ‘ॲश वेन्सडे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दिवशी, व्हिक्टोरिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया मिळून ७५ माणसे वणव्यांत दगावली. मॅसिडन आणि माउंट मॅसिडन येथील शेकडो घरे एका रात्रीत जळाली, त्यांत धनिकांचे कितीतरी जुने बंगलेही गेले. नीलगिरीच्या जातीच्या झाडांत तेल असते, सालीचे पेटते तुकडे वाऱ्याने किलोमीटरच्या किलोमीटर पुढे उडतात, आणि घर बहुधा ज्वाळेने न पेटता अशा ठिणगीने पेटते. म्हणून आज वणव्याच्या पट्ट्यात घर बांधताना त्या जागेची धोक्याची श्रेणी काढावी लागते. वणवा आला तर भिंतीवर चौरस मीटरमागे किती किलोवॅट उष्णता पडेल, यावरून १२.५, १९, २९, ४० आणि त्यापुढे थेट ज्वाळांची श्रेणी अशी ती चढत जाते. श्रेणी वाढली की खिडक्यांना जाड कडक काच, फटींना धातूची बारीक जाळी, न जळणाऱ्या भिंती आणि दारे सक्तीची होतात, घराभोवती ठरावीक अंतरापर्यंत झुडपे काढावी लागतात, आग विझवण्यासाठी वेगळी पाण्याची टाकी ठेवावी लागते. दोन सारख्या आराखड्यांची घरे, एक गिस्बोर्नच्या सपाट वसाहतीत आणि दुसरे माउंट मॅसिडनच्या उतारावर, यांच्या खर्चात त्यामुळे मोठे अंतर पडते. आग विझवणारेही बहुतांशी पगारी जवान नसतात. ‘कंट्री फायर ऑथॉरिटी’चे स्थानिक स्वयंसेवक असतात, आणि वय वाढत चाललेल्या, दिवसा निम्मे गाव मेलबर्नला गेलेल्या वस्तीत बंबावर चढायला धडधाकट माणसे कोठून आणायची, हा घरांच्याच प्रश्नाचा एक फाटा आहे.

कारण विशीतली माणसे नाहीत आणि कमी पगाराची माणसेही नाहीत. शायरमधील वृद्धाश्रमांत रात्रपाळी करणाऱ्या सेविका, बालवाडीतील शिक्षिका, काइनटनच्या पायपर स्ट्रीटवरील उपाहारगृहांत वाढणारी मुले, यांना गावात एका बेडरूमचे भाड्याचे घर मिळणे दुरापास्त असते. यातले काही मित्रांच्या घरी आलटून पालटून झोपतात, काही कॅरव्हॅनमध्ये राहतात. ऑस्ट्रेलियाच्या जनगणनेत बेघर या शब्दाची व्याख्या रस्त्यावर झोपणाऱ्यांपुरती नाही. दुसऱ्याच्या घरी तात्पुरते राहणारे आणि अतिदाटीच्या घरात राहणारेही तीत येतात, आणि या हिशेबाने २०२१ मध्ये देशात १ लाख २२ हजारांहून अधिक लोक बेघर होते. मॅसिडनसारख्या ठिकाणी बेघरी फुटपाथवर दिसत नाही म्हणून ती नाही असे समजले जाते. आणि जे शेवटी शायरबाहेरच्या मेल्टन किंवा सनबरीला निघून जातात ते शायरच्या तक्त्यातूनच पुसले जातात, व उरलेल्यांचे मध्यक उत्पन्न आपोआप थोडे वर सरकते.

दुसरीकडे पंचाहत्तरीतली एकटी बाई चार बेडरूमच्या घरात राहते, एकरभर गवत कापायला माणूस बोलावते आणि तरीही घर विकत नाही. तिचा हट्ट अनाठायी म्हणता येत नाही. ऑस्ट्रेलियात सरकारी वृद्धापकाळ निवृत्तिवेतन देताना संपत्ती तपासतात, परंतु राहते घर त्या हिशेबात धरत नाहीत. घर विकून लहान घर घेतले तर हातात उरलेली रक्कम मात्र संपत्ती ठरते आणि निवृत्तिवेतन घटू शकते. शिवाय खरेदीवर मुद्रांक शुल्क पडते. आणि सर्वांत आधी, घ्यायचे म्हटले तरी त्याच गावात, दुकाने आणि दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर असलेले दोन खोल्यांचे घर बाजारात असावे लागते. ते बांधलेलेच नसते.

अलीकडे राज्याने दोन दिशांनी हात घातला आहे. १ जानेवारी २०२५ पासून पर्यटकांना अल्पमुदतीसाठी भाड्याने दिलेल्या घरांच्या बुकिंगवर साडेसात टक्के कर बसला आणि वर्षातील बहुतेक काळ रिकाम्या राहणाऱ्या घरांवरचा कर मेलबर्नपुरता न राहता राज्यभर लागू झाला. मालक स्वतः वर्षातून किमान चार आठवडे वापरत असलेल्या सुटीच्या घराला मात्र त्यातून सूट मिळू शकते, आणि माउंट मॅसिडनचे बहुतेक बंगले याच वाटेने सुटावेत. त्याआधी, डिसेंबर २०२३ मध्ये, आपल्याच आवारात साठ चौरस मीटरपर्यंतचे दुसरे लहान घर बांधण्याचे नियम सैल झाले: प्लॉट तीनशे चौरस मीटरांहून मोठा असेल आणि पूर, वणवा किंवा निसर्गसंरक्षणाचा विशेष नियम त्यावर नसेल, तर नगररचनेचा परवाना लागत नाही, फक्त बांधकाम परवाना घ्यावा लागतो, आणि गॅसची पाइपजोडणी देता येत नाही. मागच्या अंगणात आजी, नातू किंवा भाडेकरू राहू शकेल असे हे घर मॅसिडनच्या प्रशस्त आवारांना चपखल बसावे. परंतु शायरचा मोठा भाग वणव्याच्या किंवा निसर्गसंरक्षणाच्या नियमांखाली येतो, तेव्हा तिथे परवान्याचा अर्ज करावाच लागतो. आणि जिथे गटार नाही तिथे अर्जाबरोबर हेही दाखवावे लागते, की जुना सेप्टिक टँक आणखी दोन माणसांचे सांडपाणी त्याच प्लॉटमध्ये जिरवू शकेल.